भाऊजींनी ओढलेली सीमा

शशिधर भाऊजी,

इतक्या वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. गरजच नव्हती. तुम्ही दोन गल्ल्या सोडून राहायचात आणि दर बुधवारी चहाला यायचात. आता तुम्ही बर्मिंगहॅमला लेकीकडे, मी इथे वॉटफर्डला, आणि फोनवर तुम्ही "हं, हं" यापलीकडे काही बोलत नाही, म्हणून लिहिते. मिसेस लिनना तुम्ही शब्द दिला होतात की त्यांच्या वडिलांनी काढलेला नकाशा जसाच्या तसा छापू. तुमच्या वतीनं तोच शब्द मीही त्यांना दिला. त्यासाठी भर सभेत भांडले. आणि मी भांडत होते तेव्हा तो नकाशा तुम्ही आधीच बदलून दिलेला होता. माझ्या शेजारी बसून तुम्ही बटाटेवडा खात होतात. वडा कसा होता तेवढं तरी कळवा.

एवढं लिहून सुप्रभाताई टिपणीस थांबल्या. वड्याचं वाक्य चांगलं जमलंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि रागात जमलेल्या वाक्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. शिवाय पुढे लिहायचं म्हणजे अख्खा माणूसच सांगायला हवा होता, आणि शशिधर हेरवाडकर हा माणूस चार ओळींत मावणारा नव्हता.

मूळचे कोल्हापूरचे. सुप्रभाताईंचे यजमान जयंत आणि ते शाळेत एका बाकावरचे. जयंत इंजिनिअर होऊन इंग्लंडला आले, मागोमाग हेही आले, आणि दोघांनी घरं घेतली तीही हाकेच्या अंतरावर. नात्यानं कुणी कुणाचे नव्हते, पण "वहिनी" आणि "भाऊजी" जे सुरू झालं ते जयंत गेल्यावरही तसंच राहिलं. शशिधर गावातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, जरासे वाकलेले, गळ्यात बारा महिने मफलर. फळ्यावर कुठलाही देश हात न उचलता काढायचे. मागच्या बाकांवरची इंग्रज पोरं मुद्दाम नावं ओरडायची, चिली, नॉर्वे, इंडोनेशिया, आणि हे काढायचे. इंडोनेशियाला मात्र हात उचलावा लागतो, असं ते आधीच सांगून टाकत. एवढी बेटं म्हटल्यावर दुसरं काय करणार?

माणूस गोड, पण त्या गोडव्याला एक खोट होती. "नाही" म्हणणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शेजारीण म्हणाली, सुट्टीत मांजर सांभाळाल का, तर हो. त्याच आठवड्यात मित्र म्हणाला, स्कॉटलंडला येतोस का, तर तेही हो. मांजर सुप्रभाताईंनी सांभाळलं. जयंत हसून म्हणायचे, "शशीला कुणी एकाच दिवशी दोन लग्नांना बोलावलं, तर तो दोन्हीकडे येतो म्हणेल आणि घरी बसेल." सुप्रभाताईंनाही तेव्हा हसू यायचं. त्यांचं आयुष्य हॉस्पिटलच्या फार्मसीत गेलेलं. बाटलीत जे आहे तेच लेबलवर पाहिजे, ही त्यांची शिस्त. मैत्रीत मात्र त्यांनी ती कधी लावली नाही.

बायको वारल्यावर भाऊजी हरवल्यासारखे झाले. त्याच सुमारास जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमधल्या खोक्यात त्यांना एका चिनी भूगोल मासिकाचे काही अंक मिळाले. गुळगुळीत कागद, वाळवंटं, हिमनद्या, डोंगराला वळसे घालत गेलेला एकच एक रस्ता. ते खोकं घेऊन ते बुधवारी हजर झाले.

"वहिनी, हा फोटो बघा. खाली काय लिहिलंय ते कळलं पाहिजे."

"फोनला विचारा ना. आजकाल तो सगळं सांगतो."

"विचारलं. तो म्हणतो, 'पर्वत आनंदात आहे.'"

"मग झालं की. बरा आहे म्हणायचं पर्वत."

पण भाऊजींचं समाधान झालं नाही. लायब्ररीत चिनी भाषेचा संध्याकाळचा वर्ग निघाला तिथे त्यांनी सत्तरी उलटल्यावर नाव घातलं. ख्रिसमसपर्यंत बाकी सगळे गळाले, हे एकटे उरले. शिकवायला होत्या मिसेस लिन, बुटक्याशा, फार कमी बोलणाऱ्या. आपला विद्यार्थी कशासाठी एवढा धडपडतोय ते कळल्यावर एके दिवशी त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेले जुने अंक काढले. त्याच मासिकाचे, पण अगदी सुरुवातीच्या काळातले, रद्दीसारख्या पिवळ्या कागदावरचे. त्यांचे वडील तिथे नकाशे काढायचे. वडिलांच्या मागे लेकीकडे राहिलं ते एवढंच.

त्या दिवसापासून भाऊजींना दुसरा विषय राहिला नाही. बुधवारचा चहा म्हणजे चीनचा इतिहास. चहात बिस्किट बुडवून विसरायचे, ते तळाशी जायचं, आणि यांचं चालूच.

"वहिनी, हे मासिक सरकारी फतव्यातून नाही निघालं. एकोणीसशे पन्नास साल, नानजिंग शहर. काही तरुण भूगोलवाले एकत्र आले, पदरमोड केली आणि काढलं. नाव काय, तर 'भूगोलाचं ज्ञान'. शाळामास्तरांना उपयोगी पडावं म्हणून."

"म्हणजे तुमच्यासारख्यांना."

"माझ्यासारख्यांनाच. मग साठच्या दशकात हाल सुरू झाले. बंद पडलं, पुन्हा निघालं, सांस्कृतिक क्रांती आली तसं पुन्हा बंद. भूगोलसुद्धा संशयास्पद झाला, बोला. बहात्तरच्या सुमारास परत उभं राहिलं. आणि शतक संपता संपता नव्या संपादकांनी सगळा साजच बदलला. नाव नवं, छपाई नवी. देशातल्या सुंदर जागांचा एक जाडजूड विशेषांक काढला, त्यावर लोकांच्या उड्या पडल्या. पोरं पाठीवर पिशव्या टाकून तो अंक हातात धरून फिरायला निघाली. मास्तरांचं मासिक होतं, ते देशाचं झालं."

सुप्रभाताईंना चीनचं काही प्रेम नव्हतं. त्यांना प्रेम होतं ते समोरच्या माणसाच्या पुन्हा उजळलेल्या चेहऱ्याचं. गावच्या स्नेहबंध मंडळाचा दिवाळी अंक त्या बरीच वर्षं संपादित करत होत्या, आणि दरवर्षी तेच ते, "माझी युरोप सहल" नि "थंडीतले आरोग्य", छापून त्यांना वीट आला होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे नीट मराठीत लिहा. मी छापते. अर्धा अंक देते तुम्हाला." दोन हिवाळे ते लिहीत होते आणि त्या टाइप करत होत्या. वाक्यं लांबली की त्या कापायच्या, ते हळहळायचे, मग म्हणायचे, "कापलंत ते बरं केलंत."

लेखाचा जीव होता एका नकाशात. पंचावन्न सालच्या अंकातला, मिसेस लिनच्या वडिलांनी काढलेला. ल्हासापर्यंत नुकताच झालेला रस्ता त्यात केसाएवढ्या बारीक रेषेनं दाखवला होता, एकेक घाट, एकेक नदी. कोपऱ्यात वडिलांचं नाव. मिसेस लिननी एवढंच मागितलं होतं की छापायचा तर हाच छापा, आहे तसा, नावासकट. भाऊजी अर्थातच हो म्हणाले.

अडचण होती ती नकाशाच्या खालच्या बाजूला. तिथे हिमालयाची सीमा चिनी लोकांनी त्यांच्या हिशेबानं काढलेली. आपला अरुणाचल सगळा त्यांच्याकडे. आता ही गोष्ट भारतात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सुप्रभाताईंच्या लहानपणी परदेशी अ‍ॅटलास घरी यायचा तो जांभळा शिक्का घेऊनच यायचा: या नकाशातल्या भारताच्या सीमा बरोबर नाहीत. सुप्रभाताईंनी ठरवलं, तेच करायचं. नकाशा आहे तसा छापायचा आणि खाली ठळक लिहायचं की सीमा त्यांनी मानलेली आहे, आम्ही मानत नाही.

लेखाची कुणकुण लागल्यावर ऑक्टोबरात मंडळाचे अध्यक्ष सतीश नाडगौडा यांनी कमिटी बोलावली. सतीश पन्नाशीचा, लंडनला बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं लोण्यासारखं. चर्चचा हॉल, रविवारची दुपार, मधोमध वड्यांचं ताट. सुप्रभाताईंच्या शेजारी भाऊजी. अंकाची मांडणी करणारी ईशिता समोर लॅपटॉप उघडून बसलेली. ती इथेच, लंडनजवळ हॅरोला जन्मलेली, मराठी हौसेनं बोलायची.

सतीश म्हणाला, "काकू, लेख सुपर्ब आहे. पण त्या नकाशाचे ऑप्टिक्स चांगले नाहीत."

"ऑप्टिक्स चष्म्याच्या दुकानात. इथे काय म्हणायचंय ते सांग."

"म्हणजे, कुणी स्क्रीनशॉट काढला, इंडियातल्या कुठल्या ग्रुपवर टाकला, तर? मंडळाचं नाव जाईल."

"खाली टीप आहे ना. ठळक. वाचता येत नसेल त्याला मी फोनवर वाचून दाखवीन."

"टीप कोण वाचतं, काकू?"

"नकाशा तरी कोण बघतं? तुमच्यातल्या निम्म्यांना अरुणाचल कुठल्या बाजूला आहे ते विचारा." यावर दोघं-तिघं हसले. सुप्रभाताईंनी स्वर खाली आणला. "हे बघ सतीश, सीमा त्यांनी चुकीची काढली, हे मला मान्य. पण त्यांनी ती तशी काढली, हा इतिहास आहे. आमच्या वेळी आपलं सरकार शिक्का मारायचं, पण आमच्या अ‍ॅटलासातलं पान कुणी फाडलं नव्हतं. नकाशा जाईल तर जसाच्या तसा जाईल, नाहीतर लेखही नाही आणि मीही नाही."

बोलता बोलता त्यांनी शेजारी पाहिलं. भाऊजी वडा खाली ठेवून दोन शब्द बोलतील असं त्यांना वाटलं. भाऊजींनी चटणी जवळ ओढली.

सतीश ईशिताकडे पाहून जरासा हसला. मग म्हणाला, "ठीक आहे काकू. तुम्ही म्हणताय तर नकाशा छापू."

एवढ्या लवकर? सुप्रभाताईंनी पुढचे चार मुद्दे तयार ठेवले होते, ते तसेच राहिले. ईशिता मान खाली घालून टाइप करू लागली. पण जिंकलेल्या माणसाला कुठे काय दिसतं. घरी जाताना गाडीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, जिंकलो आपण." भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हं."

त्याच संध्याकाळी त्यांनी मिसेस लिनना फोन केला. त्या तोवर मुलाजवळ राहायला केंब्रिजला गेल्या होत्या. खरं तर फोन भाऊजींनी करायचा, पण ते म्हणाले, "तुम्हीच सांगा वहिनी, तुम्ही भांडलात." सुप्रभाताईंनी सांगितलं, तुमच्या वडिलांचा नकाशा आहे तसा छापतोय, एक रेघसुद्धा इकडची तिकडे होणार नाही. मग मिसेस लिन म्हणाल्या, "माझे वडील चूक झालेला नकाशा स्वतःच्या हातानं जाळायचे. म्हणून आहे तसाच छापा म्हटलं."

मजकूर सुप्रभाताईंनी तीनदा तपासला. चित्रं मात्र शेवटी बसवायची होती, आणि नकाशाचा मोठा स्कॅन मी परस्पर पाठवतो, असं भाऊजी म्हणाले होते. त्यात वावगं काय वाटणार?

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दाराशी अंकांचा गठ्ठा. सुप्रभाताईंनी उभ्या उभ्या पान उघडलं. नकाशा होता. रस्ता होता, घाट होते, कोपऱ्यात मिसेस लिनच्या वडिलांचं नाव होतं. आणि खाली हिमालयाची सीमा होती ती आपली. शाळेत शिकलो तीच, अरुणाचल आपल्याकडे. ठळक टीप गायब. तिच्या जागी ओळ: "मासिकाच्या १९५५च्या अंकातील मूळ नकाशा."

त्यांनी चष्मा पुसला. रेषा कुणाची ते विचारायची गरज नव्हती. सुप्रभाताईंची दोन्ही मुलं त्या रेषेवर भूगोल शिकली होती, पाकिटांच्या पाठींवर. भाऊजी आसामच्या वरची सीमा एका दमात ओढायचे, आणि भूतान संपतो तिथे त्यांच्या हाताला एक छोटासा हिसका बसायचा. तो हिसका तिथे होता.

ईशिता फराळाच्या टेबलापाशी होती. सुप्रभाताईंनी तिला गाठलं. "हा नकाशा तुला कधी मिळाला?"

"मीटिंगच्या आधी, आंटी. अंकलनी सतीशदादाला पाठवला होता, दादानी मला दिली." तिनं सुप्रभाताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आय थॉट तुम्हाला माहीत होता. सगळ्यांना माहीत होता."

सगळ्यांना. म्हणजे त्या शिक्क्याच्या गोष्टी सांगत होत्या, लेखही नाही नि मीही नाही म्हणत होत्या, तेव्हा त्या खोलीत बसलेला प्रत्येक माणूस म्हातारीचं नाटक संपायची वाट पाहत होता. आणि त्यातला एक त्यांच्या कोपराला कोपर लावून बसला होता.

भाऊजी त्यांना कार पार्कमध्ये सापडले. मफलर गुंडाळत होते. आत भजनं चालू झाली होती.

"कधी काढलीत रेघ?"

भाऊजींनी न समजल्याचा आव आणला नाही, तेवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. "सप्टेंबरात. सतीश घरी आला होता. म्हणाला, काका, तुमचा पासपोर्ट ब्रिटिश, भारतात जाता ते ओसीआय कार्डावर, असा नकाशा नावासकट छापलात आणि कुणी तक्रार केली तर उद्या भारतात जायला अडचण येईल. वहिनी, अक्का कोल्हापूरला एकटी आहे. नव्वदीची झाली. मला तिला एकदा बघायचंय."

"मग हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं. आधी तुम्हाला भित्रे म्हटलं असतं. मग नकाशा काढून टाकला असता आणि मिसेस लिनना फोन करून सांगितलं असतं की नाही छापता येत, कारण हे. त्यांना वाईट वाटलं असतं, पण त्या समजल्या असत्या. भाऊजी, लेबल नसलेली बाटली आम्ही फेकून द्यायचो. त्यानं कुणी मरत नाही. तुम्ही भलतंच लेबल लावलंत."

"एवढीशी रेघ, वहिनी. आणि बरोबरच आहे ना ती? आपलाच आहे ना अरुणाचल?"

"अरुणाचल आपलाच आहे. नकाशा आपला नाही. निदान त्या माणसाचं नाव तरी काढायचं होतंत कोपऱ्यातून. त्यानं जे काढलं नाही त्यावर त्याची सही ठेवलीत."

भाऊजी म्हणाले, "नाव काढलं असतं तर मिसेस लिनना वाईट वाटलं असतं."

सुप्रभाताईंनी त्यांचा चेहरा नीट पाहिला. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. सतीशला नकाशा बदलून हवा होता, बदलून दिला. मिसेस लिनना नाव हवं होतं, ठेवलं. वहिनींना भांडायचं होतं, भांडू दिलं. कुणालाही नाही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत ज्याला आपण चांगुलपणा समजत आलो तो हाच, हे त्यांना त्या गाड्यांच्या रांगेत उभं राहून कळलं, आणि मांजराचं आठवून त्यांना हसू आलं नाही.

"बुधवारी यायचं ना?" भाऊजींनी विचारलं.

"नको," सुप्रभाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संपादकपद सोडलं. सतीशनं फुलांचा गुच्छ पाठवला, तो त्यांनी शेजारणीला दिला. भाऊजींचं घर जानेवारीत विकलं गेलं. लेक शिल्पा बर्मिंगहॅमला चला म्हणून मागे लागलीच होती. मधल्या काळात ते कोल्हापूरला जाऊन अक्कांना भेटून आले. विमानतळावर कुणी काही विचारलं नाही. मंडळाचा तो अंक भारतात कुणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी ते सुप्रभाताईंच्या दारात आले. आत या म्हणायची वाट न बघता उंबऱ्यातूनच त्यांनी एक मोठं पाकीट पुढे केलं. आत दिवाळी अंक. वर मिसेस लिनचा केंब्रिजचा पत्ता, फळ्यावरच्या त्या सुबक अक्षरात.

"पोस्टानं पाठवणं बरं नाही वाटत, वहिनी. आणि मी नेणं तर... तुम्ही नेऊन द्याल का? तुम्हाला नीट सांगता येईल."

"काय सांगू?"

भाऊजींनी खांदे उडवले. शिल्पा गाडीत इंजिन सुरू ठेवून बसली होती. सुप्रभाताईंनी पाकीट घेतलं. का घेतलं ते त्यांना आजही सांगता येत नाही, सवय म्हणायची. "बघते," त्या म्हणाल्या, आणि भाऊजींचा चेहरा सुटकेनं इतका मोकळा झाला की त्यांना दार लावून घ्यावंसं वाटलं.

मार्चमध्ये शिल्पाचा फोन आला. "काकू, बाबा विचारतात, केंब्रिजला गेलात का तुम्ही?"

"नाही."

"ओके. मग कधी जाणार सांगू?"

"सांग, गाड्यांचा संप आहे."

"पण संप तर संपली ना, काकू?"

"तरी सांग," सुप्रभाताई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पाकीट उचललं, वरचा पत्ता वाचला आणि परत जागेवर, अर्धवट राहिलेल्या पत्रावर ठेवलं. मिसेस लिननी अजून विचारलेलं नाही. केंब्रिजची गाडी लंडनहून रोज सुटते.